सुनावणीआधीची शिकवणी: माहिती अधिकारातील प्रथम अपिलासाठी घेतलेल्या एका सशुल्क सेवेविषयी

माहिती अधिकाराखालील प्रथम अपिलाच्या, म्हणजे माहिती न मिळाल्यास वरिष्ठ अधिकाऱ्याकडे करायच्या पहिल्या अपिलाच्या, सुनावणीची तयारी करून देणारी एक सशुल्क सेवा मी गेल्या पावसाळ्यात घेतली. सेवा देणाऱ्यांचे नाव येथे देत नाही, कारण एका प्रकरणाच्या अनुभवावरून कोणाच्या नावावर शिक्का मारणे मला बरे वाटत नाही. शिवाय असे काम करणारे आता बरेच आहेत, त्यामुळे त्यांच्याकडून काय घ्यावे आणि काय घेऊ नये हे सांगणेच अधिक उपयोगाचे आहे. शुल्क १,८०० रुपये होते. त्यात दूरध्वनीवरील दोन बैठका, लेखी निवेदनाचा एक मसुदा आणि सुनावणीची एक रंगीत तालीम यांचा समावेश होता. महाराष्ट्रात प्रथम अपिलाला २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. म्हणजे अपिलाच्या शुल्काच्या नव्वदपट रक्कम मी केवळ तयारीवर खर्च केली. ती सगळी वाया गेली असे मी म्हणणार नाही, पण सगळी सार्थकी लागली असेही नाही.

प्रकरण थोडक्यात असे होते. आमच्या वसाहतीसमोरचा डांबरी रस्ता नगरपरिषदेने नव्याने केला आणि तो एकाच पावसाळ्यात उखडला. मी ३ जून रोजी जोडपत्र 'अ', म्हणजे माहिती मागण्याच्या अर्जाचा नमुना, भरून, १० रुपयांचा स्टॅम्प लावून अर्ज दिला आणि आवक शिक्क्याची पोच घेतली. अर्जात चार गोष्टी मागितल्या होत्या: मंजूर अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतील (झालेल्या कामाच्या मोजमापांच्या नोंदवहीतील) संबंधित पाने आणि चौथ्या क्रमांकावर, रागाच्या भरात लिहिलेला प्रश्न, की रस्ता इतक्या लवकर का उखडला. उत्तर २१ जुलैला हाती आले. पहिल्या तीन मुद्द्यांपुढे 'माहिती विस्तृत स्वरूपाची असल्याने पुरविता येत नाही' आणि चौथ्यापुढे 'माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची आहे' एवढेच लिहिलेले होते. अपील कोणाकडे करायचे आणि किती दिवसांत करायचे याचा पत्रात उल्लेखही नव्हता. माहिती नाकारताना या दोन्ही बाबी आणि नाकारण्याची कारणे अर्जदाराला कळवलीच पाहिजेत, असे माहिती अधिकार कायद्याचे कलम ७(८) सांगते. मी ४ ऑगस्टला जोडपत्र 'ब', म्हणजे प्रथम अपिलाचा नमुना, भरून दाखल केले आणि सुनावणी २ सप्टेंबरला लागली. त्यानंतर मला भीती वाटू लागली आणि मी ही सेवा शोधली.

पहिल्या बैठकीत सल्लागारांनी, जे स्वतः शासकीय सेवेतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत, माझी हकिगत मध्येच थांबवून विचारले, "मॅडम, पाकीट ठेवलंय का?" मला आधी प्रश्नच कळला नाही. उत्तराच्या पत्रावर तारीख २ जुलै होती, म्हणजे उत्तरासाठी असलेल्या तीस दिवसांच्या मुदतीतली, आणि मी ती तशीच मान्य करून बसले होते. रद्दीच्या गठ्ठ्यातून पाकीट निघाले तेव्हा त्यावरच्या टपाल शिक्क्यात १९ जुलै स्पष्ट वाचता येत होते. पत्र तयार झाले असेल दोन तारखेला, पण कार्यालयाबाहेर पडले ते अर्ज दिल्यापासून ४६ व्या दिवशी. मुदतीत निर्णय दिला नाही तर कलम ७(२) प्रमाणे तो नकारच मानला जातो, आणि कलम ७(६) प्रमाणे नंतर द्यावी लागणारी माहिती विनामूल्य द्यावी लागते. पृष्ठाला दोन रुपये हा दर फार नाही, त्यामुळे पैशांचा प्रश्न गौण होता. मात्र उशीर कोणाकडून झाला हे एका चुरगळलेल्या पाकिटाने ठरवले. दिलेल्या शुल्काचा मोठा भाग माझ्या हिशेबी त्या एका प्रश्नातच वसूल झाला.

त्याच बैठकीत त्यांनी माझा चौथा मुद्दा सोडून द्यायला लावला. मला ते रुचले नव्हते, परंतु त्यांचे म्हणणे बरोबर होते. कायद्यातील माहितीची व्याख्या कार्यालयाकडे असलेल्या अभिलेखांची, दस्तऐवजांची, अहवालांची आहे; अधिकाऱ्याने बसून नवे स्पष्टीकरण तयार करून द्यावे अशी सक्ती त्यात नाही. 'रस्ता का उखडला' याऐवजी 'रस्त्याच्या तपासणी अहवालाची प्रत' किंवा 'दोष दायित्व कालावधीत (कामातले दोष ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायच्या मुदतीत) ठेकेदाराला दिलेल्या नोटिशींच्या प्रती' असे लिहिले असते तर 'प्रश्नार्थक' हा शब्द वापरायला जागाच उरली नसती. मी म्हटले, मग आता अपिलात तसे लिहू. त्यावर त्यांनी स्पष्ट नकार दिला, कारण मूळ अर्जात न मागितलेली गोष्ट अपिलात घुसडता येत नाही आणि तसा प्रयत्न केला की समोरच्या माणसाला बोट दाखवायला आयती जागा मिळते. मी त्या मागणीसाठी त्याच आठवड्यात दहा रुपयांचा वेगळा अर्ज दिला.

इथपर्यंत माझे काही म्हणणे नाही. तक्रार आहे ती लेखी निवेदनाच्या मसुद्याविषयी. तो आठ पानांचा आला. पहिली पाच पाने पारदर्शकता, लोकशाही आणि नागरिकांचे हक्क यांवर होती आणि ती कोणत्याही अपिलाला जोडता आली असती. सहाव्या पानावर चक्क दुसऱ्याच कार्यालयाचे नाव आणि दुसऱ्याच कोणाचा तरी अर्ज क्रमांक राहून गेला होता. तो मजकूर तसाच सादर झाला असता तर माझी फजिती झालीच असती, पण त्याहून गंभीर गोष्ट अशी की त्या परक्या अर्जदाराची कागदपत्रे माझ्यापर्यंत पोचली, तशी माझी कोणापर्यंत पोचली असतील हे मला कळण्याचा मार्ग नाही. हे निदर्शनास आणल्यावर त्यांनी क्षमा मागितली आणि दुसरा मसुदा दिला, परंतु तोही पहिल्याचीच काटछाट होता.

मसुद्याच्या शेवटी जन माहिती अधिकाऱ्यावर, म्हणजे अर्जाला उत्तर देणाऱ्या कार्यालयातील अधिकाऱ्यावर, दररोज २५० रुपयांप्रमाणे दंड लावण्याची मागणी होती. या दंडाची तरतूद कलम २० मध्ये आहे आणि त्याची कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे हे खरे. मात्र तो लावण्याचा अधिकार माहिती आयोगाचा आहे, प्रथम अपिलीय अधिकाऱ्याचा नाही. ज्याला जे देता येत नाही ते त्याच्याकडे ठणकावून मागितले की दोन तोटे होतात: त्याच्या लेखी अपिलार्थी अनभिज्ञ ठरतो, आणि देता येण्याजोगी मागणी त्या गदारोळात मागे पडते. शुल्क घेऊन मार्गदर्शन करणाऱ्याला एवढे ठाऊक नसावे असे मला वाटत नाही. बहुधा ग्राहकाला जोर वाटावा म्हणून ते वाक्य कायम ठेवले जात असावे.

शेवटी निवेदन मी स्वतःच लिहिले आणि ते एका पानात बसले. वरच्या अर्ध्या भागात पाच तारखा एकाखाली एक लिहिल्या, प्रत्येकीपुढे सोबतच्या कागदाचा क्रमांक टाकला, आणि खालच्या अर्ध्या भागात तीन मागण्या अशा शब्दांत लिहिल्या की त्या जशाच्या तशा आदेशात उतरवता याव्यात. ही शेवटची युक्ती मात्र सल्लागारांचीच, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. ते म्हणाले होते, "साहेबांना आदेश लिहायचा असतो. तुम्ही त्यांना वाक्य द्या." ही गोष्ट त्यांना इतकी नेमकी समजते, तर मग आठ पानांचा मसुदा ते का देतात, हे कोडे मला आजही सुटलेले नाही.

या सेवेतला सर्वांत मोलाचा भाग रंगीत तालमीचा होता. सल्लागार स्वतः जन माहिती अधिकारी झाले आणि त्यांनी वीस मिनिटे मला अक्षरशः छळले. "साहेब, या बाईंचे ठेकेदाराशी भांडण आहे," असे ते म्हणाले, तेव्हा मी भांडण कसे नाही हे समजावू लागले आणि तिथेच फसले. अर्जदाराने माहिती का हवी आहे याचे कारण देण्याची गरज नाही असे कलम ६(२) सांगते; तेवढे एक वाक्य बोलून थांबायचे असते. पुढच्या वेळी ते म्हणाले, "माहिती विस्तृत आहे, मनुष्यबळ नाही." त्यावर त्यांनी मला शिकवलेले उत्तर असे होते की माहिती मागितलेल्या स्वरूपात देण्याने कार्यालयाच्या साधनसामग्रीवर अवाजवी ताण पडत असेल तर कलम ७(९) स्वरूप बदलण्याची मुभा देते, माहितीच नाकारण्याची नाही, म्हणून आधी अभिलेखांचे अवलोकन करू द्यावे आणि त्यातून निवडलेल्या पानांच्या प्रती द्याव्यात. शिवाय नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १९(५) नुसार नाकारणाऱ्यावरच असते, त्यामुळे अपिलार्थ्याने आपली बाजू ओरडून मांडण्याची आवश्यकता नसते. बोलून झाल्यावर गप्प राहणे हे त्या तालमीत मी तीन वेळा चुकले आणि चौथ्या वेळी मला जमले.

सुनावणी प्रत्यक्षात अकरा मिनिटे चालली. न्यायालयासारखे काहीच नव्हते. अपिलीय अधिकाऱ्यांच्या दालनात टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या, एकीवर मी आणि दुसरीवर जन माहिती अधिकारी. मध्येच एक शिपाई सहीची फाइल घेऊन आला, आणि अधिकारी सह्या करता करता ऐकत होते. त्यांचा पहिला प्रश्न होता, "तुम्हाला नेमकं काय हवंय?" मी एक पान पुढे केले. जन माहिती अधिकाऱ्यांनी दोन जुलैच्या तारखेचा उल्लेख करताच मी पाकीट टेबलावर ठेवले आणि काहीही बोलले नाही. अधिकाऱ्यांनी ते उचलून शिक्का खिडकीच्या उजेडात धरून पाहिला, चष्मा कपाळावर सरकवला, आणि समोरच्या लिपिकाला आदेशाचा मजकूर सांगायला सुरुवात केली. माझ्या पानावरची दुसरी मागणी जवळजवळ त्याच शब्दांत त्यांच्या तोंडून येत होती. अवलोकनासाठी दिवस ठरला आणि त्यानंतर पंधरा दिवसांत प्रती विनामूल्य देण्याचे निर्देश मिळाले. रोजनाम्यावर, म्हणजे सुनावणीच्या लेखी नोंदीवर, सही करण्यापूर्वी मी तो पूर्ण वाचला. 'अपिलार्थीचे समाधान झाले' असे एक वाक्य त्यात आधीच लिहिलेले होते, ते मी खोडायला लावले, कारण समाधान व्हायचे ते कागद हाती आल्यावर. या वाक्याविषयी सल्लागारांनी मला सावध केले नव्हते, आणि तयारी करून देणाऱ्याने नेमके हेच आधी सांगायला हवे होते.

सुनावणीनंतर या सेवेने पाठ फिरवली. आदेश हाती आल्यावर मी दूरध्वनी केला तेव्हा द्वितीय अपिलाचे 'पॅकेज' वेगळे असल्याचे सांगण्यात आले. द्वितीय अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे करायचे असते. एवढी मुदत सांगायलाही वेगळे शुल्क लागावे हे मला पटले नाही. कायदा अवघ्या ३१ कलमांचा आहे, तो मराठीत सहज उपलब्ध आहे, आणि कामाची कलमे ६, ७, ८, १० आणि १९ एवढीच धरली तरी एका दुपारी वाचून होतात.

पुन्हा ही सेवा घ्यावी का, तर केवळ तालीम आणि कागदपत्रांची पहिली तपासणी एवढेच वेगळ्या शुल्कात देत असतील तर मी नक्की घेईन, आणि ज्यांना अधिकाऱ्यासमोर बसून बोलण्याचा सराव नाही त्यांनीही अवश्य घ्यावी. मसुदा मात्र विकत घेऊ नये. घेतलाच तर त्यातले प्रत्येक नाव, क्रमांक आणि तारीख स्वतः तपासल्याशिवाय सही करू नये, आणि मूळ कागद कोणाच्याही हवाली न करता केवळ छायाप्रती द्याव्यात.

प्रती आदेशाच्या मुदतीत मिळाल्या. मोजमाप पुस्तिकेच्या बाराव्या पानाची छायाप्रत इतकी फिकट आहे की डांबराच्या थराच्या जाडीचा आकडा वाचता येत नाही. त्या पानाच्या सुवाच्य प्रतीसाठी मी पत्र दिले आहे आणि त्याची पोच, या वेळी पाकिटासकट, फाइलला लावून ठेवली आहे.