शिक्षण राज्यसूचीत असावं की समवर्ती सूचीत?

वादविवाद स्पर्धेत कुठली बाजू घेऊ, असं भाचीने विचारलं. १९७६ पर्यंत शिक्षण राज्यसूचीत, म्हणजे राज्यांनी कायदे करायच्या विषयांच्या घटनेतल्या यादीत होतं. ४२व्या घटनादुरुस्तीने ते समवर्ती सूचीत गेलं. तिथे केंद्र आणि राज्य दोघंही कायदा करू शकतात, पण दोन कायद्यांत विसंगती आली तर साधारणपणे केंद्राचा कायदा टिकतो.

जबाबदारी: इथे माझं झुकतं माप राज्यांना. पहिलीपासून हिंदीचा निर्णय महाराष्ट्र सरकारने २०२५ च्या एप्रिलमध्ये घेतला आणि लोक खवळल्यावर जूनमध्ये मागे घेतला. निर्णय मुंबईत झाला, म्हणून तो मुंबईतच बदलता आला. दिल्लीपर्यंत आवाज पोहोचवणं फार अवघड, हे मला मनापासून खुपतं.

नवे प्रयोग: तमिळनाडूने १९८२ मध्ये पोषण आहार व्यापक केला, केंद्राची देशव्यापी योजना १९९५ मध्ये आली.

पैसा: समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या योजनेत बहुतेक राज्यांना खर्चाचे ६० टक्के केंद्राकडून मिळतात, ईशान्येकडच्या राज्यांना ९०. गरीब राज्याला हा आधार सोडणं जड जाईल.

समान हक्क: २००९ चा शिक्षणहक्क कायदा संसदेने केला, तो समवर्ती सूचीमुळेच सोपा झाला.

आणि हो, राज्यसूचीत आणलं की ‘नीट’ (NEET) ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा आपोआप जाईल, असं बोलू नकोस. उच्च शिक्षणाच्या दर्जाचा विषय संघसूचीतच, म्हणजे केंद्राच्या यादीतच राहतो.

मातृभाषा आणि स्थानिक अभ्यासक्रम हा तुझा मुद्दा असेल तर राज्यसूची घे. स्थलांतरित मजुरांची मुलं डोळ्यांसमोर असतील तर समवर्ती.