आमच्या वाड्यावरचं छोटं मैदान, फोंडा: ५ पैकी ४ स्टार

गोव्यातल्या फोंड्यात आमच्या वाड्यावर, म्हणजे आमच्या वस्तीत, देवळाच्या मागं जे छोटंसं मैदान आहे त्याबद्दल कुणी काही लिहीतच नाही, म्हणून मीच लिहितेय. दोन झोपाळे, एक घसरगुंडी, एक सीसॉ आणि बाकी नुसती तांबडी माती. माझं अख्खं लहानपण तिथं गेलं आणि आता रोज पाच वाजले की लेक चपला घालून दारात उभी असते.

घसरगुंडी आधी पत्र्याची होती, मे महिन्यात चारच्या आधी बसलात तर मांड्या भाजायच्या, आता फायबरची आहे, लहान पोरांना चांगली. झोपाळ्याची एक साखळी मात्र गंजलीय, आपल्याकडच्या पावसात लोखंड टिकत नाही, तेवढं बघून बसवा.

पण खरं मैदान म्हणजे ती रिकामी माती. आम्ही तिथं काजूच्या बियांनी खेळायचो, काठीनं रेघ मारायची, त्यावर बिया उभ्या लावायच्या आणि लांबून नेम धरून पाडायच्या, पाडल्या तेवढ्या आपल्या. नेमाची बी मोठी आणि जड लागायची, ती सापडली की कुणी कुणाला हात लावू द्यायचं नाही, माझी तर उशीखाली असायची. सीझन संपला की जिंकलेल्या बिया दुकानात विकायच्या आणि ते पैसे गणेश चवथीच्या फटाक्यांना. जूनमध्ये पाऊस लागला की त्याच मातीत फुटबॉल, घरी गेलं की आई दारातच अडवून आधी पाय धुवायला लावायची. गोव्यात फुटबॉल राज्याचा खेळ म्हणून २०१२ मध्ये जाहीर झाला, आमच्याकडे तो त्याच्या कितीतरी आधीपासून चिखलात चालूच होता. मुलगे क्रिकेट खेळायला लागले की बाबा कट्ट्यावर बसून दिलीप सरदेसाईंचं सांगायचे, आपल्या मडगावात जन्मलेला माणूस, १९७१ ला वेस्ट इंडिजमध्ये एका सिरीजमध्ये ६४२ रन. मग पुढचा अर्धा तास प्रत्येक जण सरदेसाई.

एक गोष्ट सांभाळा. दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुराचा पुतळा तिथंच जाळतात, पोरं आधी कित्येक दिवस बांबू, गवत, कागद घेऊन राबतात, बघायला खूप मजा येते, पण नंतर मातीत तारा आणि खिळे राहतात. दोन वर्षांपूर्वी लेकीच्या पायात तार घुसली, रात्री टिटॅनसचं इंजेक्शन घ्यायला धावलो. तेव्हापासून त्या आठवड्यात आम्ही दोघीतिघी बाया मिळून झाडून काढतो, तरीपण अनवाणी सोडू नका.

आणि आता सगळ्या मैदानाला पेव्हर घालायचं बोलणं चाललंय, ते ऐकून जीव तुटतो हो. गेटजवळ घातलेत ना, जाऊन बघा, पावसात त्याच्यावर शेवाळ धरतं आणि म्हातारी माणसं पण घसरतात, उलट शेजारच्या मातीत पाऊस थांबला की थोड्या वेळात पाणी मुरून जातं. पेव्हरवर पडलं तर गुडघा फुटतो, आणि रेघ कुठं मारणार पोरांनी? साखळी बदला, कोपऱ्यात एक लाइट लावा, एवढंच पुरे. २०२३ ला आपल्याकडे ३७वे नॅशनल गेम्स झाले, मोठी स्टेडियमं पाहिजेतच, पण सहा वर्षांची पोर एकटी चालत जाते ती इथंच, कारण वाटेतल्या प्रत्येक घरातून कुणी ना कुणी तिला हाक मारतं.

एक स्टार कापला तो त्या साखळीसाठी आणि अंधारासाठी, साडेसहानंतर कोपऱ्यातलं काही दिसत नाही. पाणी घरून न्या, नळ आहे पण मे महिन्यात कोरडा असतो. आणि एप्रिल-मेमध्ये येत असाल तर पोरांच्या खिशात मूठभर काजूच्या बिया द्या, कसं खेळायचं ते कट्ट्यावर बसलेलं कुणीही शिकवेल, मी असले तर मी शिकवीन.