डबा काळ्या दारूचा, आत भलतंच

इथे अमेरिकेत ओळखीतल्या एका मराठी घरातला मुलगा नुकताच काळ्या दारूच्या, म्हणजे सोरा-गंधक-कोळशाच्या जुन्या बंदुकीच्या दारूवर चालणाऱ्या, रायफलीच्या नादाला लागलाय. परवा त्याने विचारलं, "काका, गन शोमध्ये, त्या बंदुकांच्या बाजारात, काळ्या दारूचे जुने डबे स्वस्तात मिळतात म्हणे, घेऊ का?" त्याला फोनवर जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहितोय, कारण असं विचारणारा तो एकटाच नसणार.

संगमेश्वराकडे आमच्या आजोबांची परवान्याची ठासणीची बंदूक होती, रानडुकरं भातात उतरू नयेत म्हणून. तो पांढरा धूर आणि गंधकाचा वास माझ्या डोक्यातून कधी गेलाच नाही. डेन्व्हरला स्थिरावलो, नागरिकत्व मिळालं, तेव्हा १८७४च्या शार्प्स रायफलीची इटलीत घडवलेली प्रतिकृती घेतली. काडतूस पॉइंट ४५-७०. अमेरिकी लष्कराने १८७३ साली स्वीकारलेलं. नावातच हिशेब आहे: पॉइंट ४५ इंचाची गोळी आणि तिच्यामागे ७० ग्रेन काळी दारू. पौंडात ७००० ग्रेन, म्हणजे पौंडाचा एक डबा शंभर बारांना पुरतो.

न्यू मेक्सिकोत रॅटनला या रायफलींच्या स्पर्धा होतात. निशाणं म्हणजे प्राण्यांच्या आकाराच्या लोखंडी पाट्या: २०० मीटरवर कोंबड्या, ३०० वर डुकरं, ३८५ वर टर्की आणि ५०० मीटरवर मेंढे. प्रत्येकी दहा, एकूण चाळीस बार. बार काढल्यापासून पाचशे मीटरवरच्या मेंढ्याला गोळी लागल्याचा 'टण्' आवाज आपल्यापर्यंत यायला साधारण तीन सेकंद लागतात, आणि तेवढ्यासाठी माणूस आख्खा हिवाळा गॅरेजमध्ये काडतुसं भरत बसतो. शिशात थोडं कथील घालून गोळ्या ओतायच्या, काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या धुवायच्या, लांब पितळी नळीतून दारू सावकाश सोडायची म्हणजे ती दाबून बसते. काळी दारू भरताना गोळीखाली पोकळी राहू द्यायची नसते, पुंगळी भरलेलीच हवी. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्याशीच गाठ आहे.

सप्टेंबर २०२१मध्ये बातमी आली की लुइझियानातल्या मिंडेनचा गोएक्स या काळ्या दारूचा कारखाना बंद होणार. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या कंपनीने विकत घेतला, पण मधल्या काळात दुकानांतली फळी रिकामी झाली. मी ज्या दुकानातून घ्यायचो तिथला माणूस नुसती मान हलवायचा. माझ्याकडे अर्धा डबा उरला होता.

अशा वेळी डिसेंबरात एका गन शोमध्ये कोपऱ्यातलं टेबल दिसलं. पन्नाशीचा माणूस, मवाळ बोलणारा. म्हणाला, सासरे वारले, त्यांचं सामान काढतोय. टेबलावर गोळ्या ओतायचे साचे होते, पितळी पुंगळ्या होत्या, सासऱ्यांची म्हणून एक वही होती. वहीत वळणदार अक्षरात तारखा, वारा, मोजमापं. त्या वहीनेच माझा घात केला. इतकं टापटीप लिहिणाऱ्याच्या घरचा माल खोटा कसा असेल, असं मनाने घेतलं. शेजारी नावाजलेल्या कंपनीचे काळ्या दारूचे पौंडाचे दहा डबे. एक त्याने माझ्यासमोर उघडला. आत अस्सल माल: कोळशाच्या चुऱ्यासारखे टोकदार, चकचकीत दाणे. बाकीचे उघडून दाखव म्हणायची मला भीड वाटली. सहा डबे प्रत्येकी ३५ डॉलरला आणि शंभर पुंगळ्या १०० डॉलरला. ३१० डॉलर रोख. पावती नाही, फोन नंबर तेवढा एका चिठोऱ्यावर लिहून दिला.

काळ्या दारूचा धंदा करणाऱ्याला इथे केंद्र सरकारचा परवाना लागतो, माल कितीही थोडा असो. मला हे माहीत होतं. तरी मी विचारलं नाही, कारण माणूस दुःखात आहे असं वाटलं.

समोर उघडलेल्या डब्यातून वीस काडतुसं भरली. झकास उडाली. मग तर शंकाच उरली नाही.

जानेवारीतल्या एका रात्री दुसरा डबा उघडला. माझं पितळी मापटं (ते आकारमानाने मोजतं) ७० ग्रेन काळ्या दारूला लावलेलं असतं, तरी दर दहा मापांमागे एक माप मी काट्यावर टाकतो. काट्याने ६१ दाखवलं. काटा बिघडला म्हणून वजनाने तपासला, तो बरोबर होता. पुन्हा माप घेतलं, ६१च. आणि खरं सांगतो, त्या क्षणी माझा हात वरून आणखी नऊ ग्रेन घालायला पुढे गेला होता. जुना माल आहे, हलका झाला असेल, असंच मनात आलं.

नळीतून पडताना आवाज मात्र वेगळा आला होता. नेहमीच्या सरसरीऐवजी कोरड्या मोहरीसारखा टपटप. म्हणून चिमूटभर पांढऱ्या कागदावर पसरून भिंगाखाली धरलं. दाणे नव्हतेच ते. एकसारख्या लांबीच्या, कापलेल्या बारीक करड्या काड्या. नाकाजवळ नेलं तर नेलपॉलिशच्या वळणाचा वास. काळजात धस्स झालं. ही बिनधुराची दारू होती, आजकालच्या काडतुसांतली, काळ्या दारूपेक्षा कितीतरी जोरकस. हीच पुंगळी काठोकाठ त्या दारूने भरली असती, तर काळ्या दारूच्या कितीतरी पट दाब झाला असता, आणि ज्या रायफलीला मी गाल टेकवतो ती चेहऱ्याशीच फुटली असती.

या खेळातल्या माझ्या गुरूंना फोन केला. सत्तरी ओलांडलेले, रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं ते असं: "भरलेलं किती आहे? हात लावू नकोस, मी येतो." आल्यावर त्यांनी सहाही डबे पाहिले. तिघांत काळी दारू, तिघांत त्या काड्या. झाकणाखालची सील एवढी सफाईने चिकटवली होती की उजेडात तिरपं धरल्याशिवाय डिंकाची कड दिसत नव्हती. मी विचारलं, निदान तीन खरे डबे तरी वापरू का? ते म्हणाले, "काळी दिसते एवढंच आपल्याला कळलंय. तिच्यात काय मिसळलंय ते तुला माहीत आहे का?" पाण्यात टाकून बघायची युक्ती पुष्कळ जण सांगतात. सोरा विरघळतो, काळ्या दारूचा चिखल होतो, हे खरं. पण त्यावरून मिसळ कळत नाही, म्हणून त्या भरवशावर काडतूस भरू नका.

पुंगळ्याही धड नव्हत्या. चकाचक घासलेल्या, पण बावीस जणींच्या तोंडाला केसासारखी भेग.

फोन नंबर बंद. शोच्या आयोजकांकडे टेबल दुसऱ्याच कुणाच्या नावावर होतं. पोलिसांत तक्रार नोंदवली, पैसे परत आले नाहीत. डबे काउंटीच्या अग्निशमन दलाचे लोक येऊन घेऊन गेले.

आता मी परवानाधारक दुकानातूनच, कारखान्याची सील असलेला डबा पावतीवर घेतो. भरताना बाकावर एकच डबा असतो, आणि प्रत्येक नव्या डब्यातली चिमूट आधी पांढऱ्या कागदावर पडते. काट्यावर दोन ग्रेनचाही फरक दिसला तर त्या रात्रीपुरतं काम थांबतं.

त्या टेबलावर दहा डबे होते. मी सहा घेतले. निघताना उरलेल्या चारांसमोर निळ्या टोपीतला एक तरुण वाकून लेबल वाचत होता, त्याच्यासाठी मी बाजूला सरकलो होतो. पुढच्या दोन्ही शोंना जाऊन मी त्याच्याबद्दल विचारलं. कुणाला सांगता आलं नाही. डेन्व्हरच्या आसपास त्या हिवाळ्यात कुणी असे सुटे डबे घेतले असतील आणि अजून फळीवर असतील, तर झाकण लावा आणि अग्निशमन दलाला फोन करा.