कलम लाइट: आठ महिने वापरल्यावर

पुस्तकांची मांडणी करताना अर्पणपत्रिकेच्या पानावर माझं काम हमखास अडायचं. 'आईस' एवढा एकच शब्द, पण आतल्या मजकुराच्या टाइपात लावला की पान कोरडं, कचेरीतल्या कागदासारखं वाटायचं. आठ महिन्यांपूर्वी तो शब्द 'कलम' या फॉन्टच्या लाइट वजनात, म्हणजे सर्वांत बारीक रेषेच्या रूपात, लावून पाहिला. कुणीतरी पुस्तक हातात देण्याआधी पेनानं लिहून दिल्यासारखा दिसला. तेव्हापासून हा फॉन्ट माझ्या रोजच्या कामात आहे.

इंडियन टाइप फाउंड्रीचा हा फॉन्ट २०१४ पासून मोफत मिळतो, व्यावसायिक कामालाही चालतो. देवनागरी आणि रोमन दोन्ही आहेत. वजनं तीन: लाइट, रेग्युलर, बोल्ड. मला जीव लावला तो लाइटनंच. अक्षरं उजवीकडे झुकलेली, टोकं किंचित वळलेली, ब-व-म यांची पोटं मोकळी. भरभर लिहिलेलं, तरी स्वच्छ. दोन्ही लिप्या मिळून हजारावर आकार काढलेले असल्यानं जोडाक्षरांचीही चणचण भासत नाही.

पहिल्या छपाईत मात्र मी चुकले. नाजूक दिसावं म्हणून अक्षरं फिक्या राखाडीत दिली. फिका रंग छपाईत बारीक ठिपक्यांतून उमटतो, आणि एवढ्या बारीक रेषेला ते ठिपके पुरत नाहीत. उकाराची शेपटी भिंगाखाली तुटक निघाली. आता पूर्ण काळा, १८ पॉइंट, आणि भोवती भरपूर कोरी जागा. गडद रंगावर पांढरी अक्षरं हवी असतील तर सरळ रेग्युलर घेते, कारण कडेची शाई आत सरकली की लाइटची रेषा बुजते.

अक्षरांमधलं अंतर वाढवण्याचा मोह तर अजिबात नको. रोमनला ते शोभतं, देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटतो. त्यापेक्षा ओळींमधलं अंतर वाढवावं. वेलांटी, रफार, खालचे उकार यांना श्वास मिळतो.

शुभेच्छापत्रावरची ओळ, प्रकरणाचं नाव, आकृतीतली छोटी टिपणं, पत्राखालची सही: इथे कलम लाइट खुलतो. पत्ते, फोन नंबर, लांबून वाचायचे फलक यांना तो लावू नये. सलग परिच्छेदही पडद्यावर वाचता येतात, पण मला ते पटत नाही. आपुलकीचा सूर पानभर ताणला की विरतो.

एक गोष्ट सवयीनंच लक्षात आली. हातानं लिहिलेली दोन अक्षरं कधी तंतोतंत सारखी नसतात, फॉन्टमध्ये असतात. 'बाबांना' मोठ्या आकारात लावलं की दोन्ही 'बा' एकाच साच्यातले दिसतात आणि हस्ताक्षराचा भास मोडतो. अशा वेळी मी शब्दाची बाह्यरेषा करून घेते, म्हणजे अक्षरांचं हवं तसं वळवता येणारं चित्र करते, आणि दुसऱ्या 'बा'चा काना केसभर खाली ओढते.