जांभळी नाक्यावरचं दप्तराचं दुकान: चित्राविना दप्तर मिळतं, पण मागावं लागतं

नात यंदा पहिलीत गेली. दप्तर आजोबांनी घ्यायचं हे घरात परस्पर ठरलं होतं. आधी तिला एका मॉलमध्ये नेलं. 'फ्रोझन' सिनेमातल्या एल्साचं दप्तर 1,899 रुपये, आणि डबा ठेवला की वही वाकते. बिनचित्राचं दाखव म्हटलं तर तिथला पोरगा म्हणाला, "काका, प्लेनमध्ये फक्त लॅपटॉपवाल्या आहेत."

मग ठाण्याचा जांभळी नाका. कौपिनेश्वर मंदिराकडून बाजारात शिरलं की एका गल्लीत हे दुकान लागतं. इतकं अरुंद की दोन गिऱ्हाइकं समोरासमोर आली तर एकाने बाहेर पडायचं. भिंतीवर इथेही तीच मंडळी: एल्सा, स्पायडरमॅन, डोरेमॉन, मोटू-पतलू, छोटा भीम.

मी चौतीस वर्षं हिशेबखात्यात काढली. पैसा शेवटी कोणाच्या खात्यात जातो हे बघायची खोड काही सुटत नाही. नात दप्तरं उचकत होती तेवढ्यात भिंतीची खतावणी मांडून टाकली. एल्सा डिस्नेची, घरचीच लेक. स्पायडरमॅन मार्व्हलचा, पण अख्खी मार्व्हलच डिस्नेने 2009 मध्ये सुमारे 4 अब्ज डॉलर मोजून घेतली. डोरेमॉन जपानी खरा, पण आपल्या पोरांना तो भेटला हंगामा चॅनलवर. ते यूटीव्हीने 2004 मध्ये काढलं आणि 2006 मध्ये डिस्नेच्या पदरात पडलं. राहिले मोटू-पतलू. मूळचे 'लोटपोट' मासिकातले, 2012 पासून निक चॅनलवर. निक रिलायन्सच्या गोटातलं, म्हणजे हे तरी दुसऱ्या घरचे, असं वाटलं. तर नोव्हेंबर 2024 मध्ये या दोन घरांनी भारतातला टीव्हीचा संसारच एक केला! जिओस्टार या त्यांच्या सामाईक कंपनीत डिस्नेचे 36.84 टक्के, बाकी रिलायन्सच्या बाजूचे. पाचातले चार असे एकाच छपराखाली, कुणी चित्रामुळे, कुणी चॅनलमुळे. भीम तेवढा वेगळा. हैदराबादच्या ग्रीन गोल्डचा, 2008 पासून पोगोवर. आणि पोगो वॉर्नरचं. तेही काही गरीब घर नव्हे.

मालकाला विचारलं, यातली ओरिजिनल कोणती? त्याने आढेवेढे न घेता सांगितलं, "ओरिजिनलवर होलोग्राम असतो साहेब, त्यात चित्राचेही पैसे असतात. ही लटकवलेली सगळी उल्हासनगरची. पण चित्र नकोच असेल तर तसं बोला ना, वर पोटमाळ्यावर आम्ही स्वतः शिवतो."

पोटमाळ्यावर दोन मशिनी. निळं जाड कापड, दोन कप्पे, बाटलीला इलॅस्टिकचा खिसा, तळाला दुहेरी शिलाई. 650 रुपये. मी मूठ घालून शिवण ओढून पाहिली, हलली नाही.

नात मात्र फुरंगटली. "वर्गात सगळ्यांकडे एल्सा असते." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, मालकाकडे होतं. "बेबी, तुझं नाव टाकून देऊ? पिवळ्या दोऱ्याने?" त्याचे 40 रुपये जास्त. तिने मान्य केलं, पण एल्साची किचेनही हवी या अटीवर. 30 रुपयांची किचेन, तीही उल्हासनगरचीच. म्हणजे आमच्या खरेदीतला एक पैसाही डिस्नेला पोचला नाही. हे कायद्यात बसत नाही हे मला कळतं, पण पहिलीतल्या पोरीशी तह करताना माणूस किती कायदा बघणार?

पाचपैकी चार तारे. एक कापला, कारण उद्या देतो म्हणून तिसऱ्या दिवशी दिलं, पट्ट्यांत फोम कमी आहे आणि पावसाचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं. पहिल्याच आठवड्यात मधल्या कप्प्याची चेन अडकली. नेऊन दिलं, उभ्या उभ्या रनर बदलून मिळाला, पैसे घेतले नाहीत. गल्लीत रिक्षा शिरत नाही, आणि सोमवारी दुकान बंद असतं.