टॅली नव्या कॉम्प्युटरवर: बॅकअप-रिस्टोअर की अख्खं फोल्डर?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुन्या मशीनमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, म्हणून विंडोज ११ त्यावर रीतसर चढत नाही. मुंबईच्या मशीद बंदर, नागदेवी, लोहार चाळ या पट्ट्यातल्या ज्या दुकानांचे अकाउंट्स मी बघतो, तिथे त्यामुळे एकेकाचा कॉम्प्युटर बदलणं चालू आहे. सगळीकडे प्रश्न एकच येतो: टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून बॅकअप घेऊन नव्यावर रिस्टोअर करायचा, की डेटाचं फोल्डर जसंच्या तसं उचलायचं? मी दोन्ही करून बसलोय. ज्यांचं अजून ठरायचंय त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधीच सांगतो, हिशेबाच्या बाजूने दोन्हीत काही कमी-जास्त नाही. ट्रायल बॅलन्स पैशापर्यंत जुळतो, बिलवार येणी-देणी येतात, ई-इनव्हॉइसचे आयआरएन (सरकारी पोर्टलने बिलाला दिलेले नंबर) सुद्धा व्हाउचरबरोबरच येतात. तेव्हा ‘डेटा जाईल का’ या भीतीपोटी एक रस्ता धरू नका. फरक पडतो तो दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिलं बिल छापताना.

बॅकअपचं कौतुक आधी करू, कारण ते खरं आहे. ऑल्ट-वाय दाबलं, बॅकअप घेतला, पेन ड्राइव्हवर टाकला, नव्यावर रिस्टोअर केला, काम झालं. फाइल आटोपशीर असते, सीएंना मेलही करता येते. आणि रिस्टोअर नीट झाला म्हणजे तुमचा बॅकअप वाचता येतो, हेही आपोआप कळतं. वर्षानुवर्षं बॅकअप घेणारे पण एकदाही उघडून न बघणारे शेठ मला पुष्कळ माहीत आहेत. एकच कंपनी, साधं बिल, लेझर प्रिंटर, असा ज्यांचा कारभार आहे त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. बॅकअप घ्या आणि मोकळे व्हा.

आमच्या बाजाराची गंमत मात्र वेगळी. मालाचं बिल जीएसटीच्या नियमाने तीन प्रतींत लागतं: एक घेणाऱ्याला, एक ट्रान्सपोर्टवाल्याला, एक आपल्याला. म्हणून इथे अजून कार्बनचा कंटिन्युअस कागद आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर टिकून आहेत. कागदावर दुकानाचं नाव, चौकटी, अटी आधीच छापलेल्या असतात आणि टॅलीने त्या चौकटींत फक्त आकडे भरायचे असतात. ही करामत टॅलीची नसते, कुणीतरी कधीतरी लिहून दिलेल्या टीडीएल फाइलची, म्हणजे टॅलीत भर घालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची, असते. ती फाइल बॅकअपमध्ये येत नाही. बॅकअप ही चीज कंपनीच्या डेटासाठी आहे, आणि तेवढं काम ती चोख करते.

मग होतं असं. रिस्टोअर छान झालेला असतो, आदल्या संध्याकाळी सगळे खूश होऊन घरी गेलेले असतात. सकाळी टेम्पो दारात लागतो, माल चढतो आणि बिल छापायला घेतलं की टॅली आपलं मूळ टॅक्स इनव्हॉइस छापतं. छापील चौकटीवर टॅलीची चौकट, मालाचा एचएसएन कोड ‘रक्कम’च्या रकान्यात, एकूण रक्कम ‘अटी व नियम’च्या मधोमध. शेठ विचारतात, “अहो, काल तर सगळं आलं म्हणालात?” आणि आलेलं असतंच, पण ट्रायल बॅलन्स बघायला टेम्पोवाला थांबलेला नसतो.

पुढचा शोध आणखी वैताग देतो. जुन्या कॉम्प्युटरवर एफ-१ मधून टीडीएलच्या यादीत गेलं की फाइलचा पत्ता दिसतो, आणि तो हमखास डी ड्राइव्हवरचा असतो. लॅमिंग्टन रोडवर असेंबल करून आणलेल्या मशीनला सी, डी, ई असे भाग पाडून देण्याची पद्धत होती. त्यामुळे टॅलीचा डेटा डी वर, लोगोचं चित्र ई वर, मागच्या वर्षांचा स्प्लिट केलेला (वेगळा काढलेला) डेटा ‘ओल्ड’ नावाच्या भलत्याच फोल्डरमध्ये. नव्या लॅपटॉपला बहुतेक वेळा एकच सी ड्राइव्ह असतो. टॅली ज्या पत्त्यावर टीडीएल शोधतं तो पत्ताच तिथे नसतो. बॅकअपच्या पडद्यावरही आपण दिलेल्या मार्गावरच्याच कंपन्या दिसतात, मग ‘ओल्ड’मधली वर्षं कुणाच्या लक्षात राहणार? जीएसटीचे हिशेब वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवायचे असतात, प्रायव्हेट लिमिटेडला तर ८ वर्षांची पुस्तकं लागतात. नोटीस येते तेव्हा नेमकं राहिलेलंच वर्ष मागितलं जातं, असा निदान माझा अनुभव.

एवढ्या एका कटकटीपायी मी फोल्डरच्या बाजूला झुकलो.

माझी पद्धत अशी आहे. नव्या मशीनवर डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन सी थोडा आकसवायचा आणि मोकळ्या जागेचा डी करायचा. ई लागत असेल तर तोही. अक्षरं जुन्यासारखीच ठेवायची, भले तिथे दोनच फोल्डरं राहोत. मग जुन्यावर टॅलीचा जो रिलीज (आवृत्ती) आहे त्याचाच सेटअप नव्यावर त्याच जागी टाकायचा. त्यानंतर डेटा, टीडीएलचं फोल्डर, लोगो, कॉन्फिगरेशन आणि टॅली डॉट आयएनआय ही सेटिंगची फाइल आपापल्या जुन्या पत्त्यावर ठेवायची. टॅली उघडलं की त्याला जागा बदलल्याचा पत्ता लागत नाही. कंपन्यांची यादी तीच, बिल त्याच चौकटीत. डॉट मॅट्रिक्सची जुनी पॅरलल केबल नव्या मशीनला लागत नाही, तिला यूएसबी कन्व्हर्टर घ्यावा लागतो. तो खर्च दोन्ही रस्त्यांना सारखाच.

या रस्त्यालाही खड्डे आहेत. टॅली चालू असताना कॉपी करू नका. मल्टी यूजर असेल तर वरच्या माळ्यावरच्या मशीनवरही ते बंद आहे ना, हे स्वतः जाऊन बघा. ईआरपी ९ या जुन्या टॅलीच्या काळात प्रोग्रॅम आणि डेटा एकाच फोल्डरखाली सापडायचे. आताच्या टॅलीप्राइममध्ये डेटा साधारणपणे ‘पब्लिक’ फोल्डरखाली जातो, म्हणून नुसतं प्रोग्रॅमचं फोल्डर उचललं तर मूठ रिकामीच. शिवाय नव्या मशीनवर कुणी चाचणीसाठी कंपनी उघडली असेल, तर तिला मिळालेला फोल्डरचा आकडा (टॅलीत कंपनीच्या फोल्डरचं नाव आकड्यातच असतं) तुमच्या खऱ्या कंपनीचाच असू शकतो. विंडोजने ‘रिप्लेस करू का’ विचारलं की हात आवरा. रिलीजची बढतीही कॉपीच्या दिवशी नको. टॅलीप्राइम ३.० पासून जुना डेटा मायग्रेट होतो आणि मायग्रेट झालेला डेटा मागच्या रिलीजमध्ये उघडत नाही.

काही जण तिसराच सल्ला देतात: सगळं एक्सएमएलमध्ये काढा आणि नव्या, ‘स्वच्छ’ कंपनीत इम्पोर्ट करा. कंपनी कायद्याखालच्या मंडळींनी याच्या वाटेला जाऊ नये असं मला वाटतं. १ एप्रिल २०२३ पासून त्यांना ऑडिट ट्रेल, म्हणजे प्रत्येक फेरफाराची नोंद, ठेवणं सक्तीचं आहे, आणि इम्पोर्टमध्ये एन्ट्री येते, तिच्या फेरफारांचा इतिहास येत नाही. क्लाउडवर भाड्याने टॅली घेणं ज्यांना दोन-तीन ठिकाणांहून काम करायचंय त्यांना सोयीचं असेलही, पण डॉट मॅट्रिक्सवर छापायचं म्हटलं की मी तिकडे फिरकत नाही.

लायसन्स कुठल्याच रस्त्याने आपोआप येत नाही. जुन्यावर इंटरनेट चालू ठेवून सरेंडर करायचं आणि नव्यावर ॲक्टिव्हेट करायचं. सीरियल नंबर तोच राहतो, म्हणून त्या नंबरशी बांधलेली टीडीएलही चालते. ॲक्टिव्हेशनची किल्ली मात्र नोंदलेल्या ईमेलवर येते, आणि तो ईमेल दुकानाचा असेलच असं नाही. एका दुकानात तो नोकरी सोडून गेलेल्या अकाउंटंटचा निघाला आणि शेठना त्याला फोनवर चक्क मस्का मारावा लागला. आज चहा यायच्या आत हे एवढं बघून घ्या, कॉम्प्युटर पुढच्या वर्षी बदलणार असाल तरी.

तर निवड अशी. साधी कंपनी, साधं बिल: बॅकअप. बरीच वर्षं, बऱ्याच कंपन्या, छापील कागद, कुणी लिहून दिलेलं फॉरमॅट: फोल्डर, आणि गाठीला एक बॅकअप घेऊन ठेवायचा. तुमचा डीलर याच्या उलटही सांगेल आणि त्याच्या जागी तो बरोबर असेल, कारण त्याला टीडीएल पुन्हा बसवून द्यायला वेगळे पैसे मिळतात. मी तरी दोन्ही पद्धती समोर असताना हल्ली फोल्डरच उचलतो.

दिवस निवडताना थ्रीबीची, म्हणजे जीएसटीच्या मासिक रिटर्नची, २० तारीख उलटू द्या. नव्या-जुन्याचा ट्रायल बॅलन्स, क्लोजिंग स्टॉक आणि स्टॅटिस्टिक्समधली व्हाउचरची संख्या शेजारी-शेजारी ठेवून ताडा, आणि पुढचं थ्रीबी भरेपर्यंत जुनं मशीन फॉरमॅट करू नका. लायसन्स गेलं तरी टॅली तिथे एज्युकेशनल मोडमध्ये (लायसन्सशिवाय, शिकण्यापुरतं) उघडतं, रिपोर्ट बघता येतात. फक्त त्याचा कीबोर्ड काढून कपाटात टाका. सवयीने कुणीतरी १ तारखेचं बिल त्यातच टाकायला बसतं, आणि ठरावीक तारखांच्याच एन्ट्री घेणारा एज्युकेशनल मोड नेमकी १ तारीख घेतो.