व्हेरिकोजचे मोजे: मोजे चांगले, पट्टी भिकार

व्हेरिकोज म्हणजे पायाच्या फुगलेल्या शिरा, त्यासाठी घालायचे हे घट्ट मोजे. क्लास टू, म्हणजे मध्यम दाबाचे, मांडीपर्यंतचे, पंजा उघडा, रंग तोच ठरलेला बिस्किटी. किंमत दोन हजारांच्या वर. बाकी बॉक्सवर लिहिलेलं असतंच, ते उगाळत नाही. दिवाळीआधी घेतले, लगीनसराई त्यांच्यावर काढली आणि आता ऐन उन्हाळ्यात डाव्या मोज्याची वरची सिलिकॉनची पट्टी सुटली, म्हणून लिहायला बसले.

वापर किती ते कळावं म्हणून सांगते. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर साड्यांच्या दुकानात काउंटरला आहे. सकाळी दुकान उघडल्यापासून रात्री शेवटची घडी घालेपर्यंत उभी. दुकानात गादी घातलेली असायची तेव्हा साडी दाखवणाराही मांडी घालून बसायचा. काउंटर आले आणि बसायची सोय फक्त गिऱ्हाइकाच्या बाजूला राहिली. बस्त्याला दहा माणसं येतात, चहा पितात, आणि आपण उभ्याने शालू उलगडायचे. संध्याकाळपर्यंत पोटऱ्या भरून यायच्या, घोट्यावर बोट दाबलं की खळगा राहायचा, रात्री पेटके.

मोज्यांनी यातलं बरंच कमी झालं, हे कबूल. त्यांचा दाब घोट्याशी सगळ्यात जास्त असतो, वर जावं तसा कमी होतो. चालताना पोटरीचा स्नायू आवळतो आणि रक्त वर ढकलतो. एका जागी उभं राहिलं की हा पंप थांबतो आणि रक्त खाली साचतं. तिथे मोजे उपयोगी पडतात. फुगलेल्या शिरा मात्र त्यांनी जात नाहीत, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी चढवायचे, कारण पाय एकदा सुजला की चढत नाहीत. पंजा उघडा असेल तर आधी पावलावर प्लॅस्टिकची पिशवी घाला, मोजा सरकन जातो, मग पिशवी बोटांकडून ओढून काढा. ही युक्ती बॉक्सवर छापायला काय हरकत होती?

आता पट्टी. मोजा मांडीवरून घसरू नये म्हणून आतून सिलिकॉनचे ठिपके असलेली चार बोटं रुंद पट्टी. थंडीत ठीक होती. मार्चपासून तिच्याखाली घाम, मग खाज, मग लालबुंद कडं. पावडर लावली तर मोजा घसरतो, नाही लावली तर कातडी सोलते. त्यात पट्टी दुमडते, आणि दुमडली की दोरी बांधल्यासारखी काचते. समोर गिऱ्हाईक पैठणीचा पदर निरखतंय आणि माझं सगळं लक्ष मांडीत. एवढे पैसे घेऊन पट्टी धड शिवता येत नाही?

मेडिकलवाल्याकडे गेले. "ताई, अंगाला लागलेला माल परत होत नाही." मला परत करायचाच नव्हता, पट्टी शिवून हवी होती. कंपनीच्या नंबरवर फोन केला, तर त्यांनी विचारलं, माप कुठे घेतलं? माप! विकताना मेडिकलवाल्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि "लार्ज" म्हणाला, तेवढंच. खरं तर घोट्याचा सगळ्यात बारीक भाग, पोटरीचा आणि मांडीचा सगळ्यात जाड भाग, असं टेपने मोजायचं असतं, तेही सकाळी. शेवटी "सहा महिन्यांनी इलॅस्टिक सैल पडतंच" असं सांगून फोन ठेवला.

इथपर्यंत लिहून ठेवून दिलं होतं. मध्ये पुन्हा डॉक्टरांकडे जाणं झालं. ते म्हणाले, तुमच्या शिरा गुडघ्याखालीच आहेत, गुडघ्यापर्यंतचा मोजा पुरेल. पुरेल! किंमत जवळपास निम्मी, वरची पट्टी नाही, चढवायला निम्मा वेळ. आता तेच वापरते आणि माझं मत बदललंय: क्लास टू मोजे घ्याच, पण मांडीपर्यंतचे डॉक्टरांनी नाव घेऊन सांगितले तरच. धुताना गार पाणी, पिळायचं नाही, सावलीत वाळवायचे, इस्त्री चुकूनही नाही. मधुमेह असेल किंवा पायाच्या धमन्यांचा त्रास असेल तर न विचारता कोणीही घालू नका. आणि एकच पाय अचानक सुजून दुखायला लागला तर मोजे शोधत बसू नका, दवाखाना गाठा.

सगळ्यात जास्त आराम मात्र फुकटात मिळाला. घरचा जेवायचा पाट काउंटरखाली ठेवलाय. एक पाय पाटावर, थोड्या वेळाने दुसरा. कंबर सुटते, टाचा ठणकत नाहीत. गिऱ्हाइकाला दिसतही नाही, त्यामुळे शेठजींची हरकत नाही.

स्टुलाला मात्र आहे. "बसलेली सेल्सगर्ल बरी दिसत नाही." कारखान्यात उभ्याने काम करणाऱ्यांना संधी मिळेल तेव्हा बसता यावं, अशी सोय करायला 1948 चा फॅक्टरी कायदा सांगायचा, कलम 44; तो 2025 पर्यंत लागू होता. दुकानांसाठी केरळने 2018 मध्ये आणि तमिळनाडूने 2021 मध्ये बसण्याची तरतूद केली. केरळात त्यासाठी कापड दुकानांतल्या बायकांनीच आवाज उठवला होता. हे मी शेठजींना ऐकवलं. ते म्हणाले, "लगीनसराई होऊ दे, मग बघू."

पाट आता रोज ब्लाउजपीसच्या काउंटरवाल्या पळवतात. त्याच्याखाली खडूने नाव घातलंय, तरी पळवतात.